उजळवलेला जावई

आमच्या भावोजींनी काढलेल्या फोटोत कोणीही माणूस कधी होता तसा दिसला नाही, आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रारही केली नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि कोणी विचारली तरी मी सांगत नाही. तर मी ताईकडेच राहिले आणि भावोजींच्या काउंटरवर बसले. त्यामुळे लोक आत कसे जातात आणि पाकिटातून कसे बाहेर येतात, हे सगळ्यात जास्त मी पाहिलंय.

गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणायचं, "जरा उजळ करा हं." जे म्हणायचे नाहीत त्यांनाही भावोजी उजळ करायचे. पूर्वी हे काम निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चालायचं. डोळ्याला भिंग, दातांत जीभ आणि श्वास रोखून भावोजी लोकांच्या सुरकुत्या बुजवत बसायचे. मग कॉम्प्युटर आला आणि श्वास रोखायची गरज उरली नाही. मस जायचे, डोळ्यांखालची वर्तुळं जायची, हनुवटी एकाची दोन असेल तर दोनाची एक व्हायची. मी एकदा म्हटलं, "भावोजी, लोकांना त्यांची आई ओळखायची नाही." तर म्हणाले, "मेहुणीबाई, फोटो म्हणजे आरसा नव्हे. आरसा फुकट बघायला मिळतो."

माणूस वाईट नाही हो. लहान मूल रडायला लागलं तर स्वतः गुडघ्यांवर रांगून दाखवायचे. पण पुलापलीकडच्या लोकांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडायची, ती त्यांची त्यांनाही कळायची नाही.

आमच्या शहराच्या मधून नदी जाते. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. त्यांच्या पणजोबांना कधी काळी गोदीच्या कामासाठी बोटी भरभरून आणलं होतं. तेव्हापासून ते इथेच जन्मतात, इथेच मरतात, भाषा आमचीच बोलतात आणि शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या देतात. पण रंग काळाभोर आणि केस दाट कुरळे, म्हणून ते अजून 'बाहेरचे'. आम्ही फिके, म्हणून घरचे. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही, पण अलीकडच्या पोराटोरांनाही ते तोंडपाठ होतं.

ते लोक आमच्याकडे यायचे ते ओळखपत्राच्या फोटोपुरते. आमचा पांढरा पडदा, समोरचे दोन दिवे, सगळं आमच्यासारख्यांच्या तोंडाला बेतलेलं. त्यांचा फोटो निघायचा तो नुसते डोळे आणि दात. मग भावोजी त्यावर हात फिरवायचे आणि चेहरा राखेच्या रंगाचा व्हायचा. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "कॅमेराच घेत नाही, त्याला मी काय करू?" हळूहळू ते यायचे बंद झाले. भावोजींना त्याची फारशी खंतही वाटली नाही.

भावोजींना एकच मुलगी, पिटू. खरं नाव कागदोपत्री चांगलं लांबलचक आहे, पण ते फक्त शाळेने वापरलं. पिटू एका उंच इमारतीत विम्याच्या ऑफिसात नोकरीला होती. एक दिवस लिफ्ट मधेच अडकली, आणि पिटू आत. ती बाहेर कशी आली ते तिने घरी येऊन इतकं रंगवून सांगितलं की ताईला आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती. वरून एक माणूस झाकण उघडून डोकावला आणि म्हणाला, "घाबरू नका, ही लिफ्ट माझी रोजची आहे, फक्त रुसलीय." पुढे ती लिफ्ट वारंवार रुसायला लागली. आम्ही त्याला लिफ्टवालाच म्हणायला लागलो, तो आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधीपासून.

तो पुलापलीकडचा आहे हे पिटूने सांगितलं तेव्हा भावोजी जेवत होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ताट सरकवून म्हणाले, "मला काही नाही. पण लोक आहेत." हे 'लोक' पुढे बराच काळ आमच्या घरात मुक्कामाला होते. काहीही निघालं की लोक. पिटूने शेवटी विचारलं, "बाबा, हे लोक राहतात कुठे? मी जाऊन भेटते त्यांना." त्यावर भावोजींनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

पण लिफ्टवाला चिवट. तो एका रविवारी सरळ दुकानात आला. भावोजींनी मान वर केली नाही. काउंटरवर त्यांचा जुना कॅमेरा उघडा पडला होता. त्याची झडप, म्हणजे शटर, अडकत होती आणि दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले होते. लिफ्टवाल्याने विचारलं, "बघू का?" आणि होकाराची वाट न बघता स्टूल ओढलं. दोन पुरुषांना जवळ यायला एक बिघडलेली वस्तू पुरते. झडप काही सुटली नाही, पण दर रविवारी ती सोडवायचा कार्यक्रम ठरून गेला. हळूहळू भावोजी शनिवारपासूनच दाराकडे बघायला लागले. एकदा तो आला नाही तर मला म्हणाले, "आज जावईबापू कुठे उलथले?" जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. ताई वर जाऊन रडली, सुखाने.

लग्न नोंदणी करून साधंच झालं. माझ्या मनात तेव्हा आलं होतं की चला, सुटलो. एकदा सोयरीक झाली, माणूस घरात जेवला, की मनातलं जुनं सगळं धुऊन निघतं, असं मीही मानत होते. निघतं, नाही असं नाही. पण जे निघत नाही ते प्रेमाच्या खाली जाऊन बसतं, आणि तिथे ते कोणाला दिसत नाही.

लग्नाचा फोटो भावोजींनी स्वतः काढला आणि मोठा करायला घेतला. कित्येक दिवस ते त्या कॉम्प्युटरसमोर बसून होते. आम्हाला ताकास तूर लागू देत नव्हते. मग दोन्हीकडच्या माणसांना जेवायला बोलावलं. विहीणबाई पहिल्यांदाच पूल ओलांडून आमच्याकडे आल्या. जेवणं झाल्यावर भावोजींनी भिंतीवरच्या फ्रेमवरचं कापड ओढलं.

पिटू छान आली होती. तिच्या शेजारी लिफ्टवाल्याचा कोट घातलेला, लिफ्टवाल्याच्या उंचीचा एक माणूस उभा होता. त्याचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा होता. केससुद्धा जरा बसवलेले.

विहीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. बाई सरळ मनाच्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा औषधालासुद्धा नसतो. म्हणाल्या, "फारच सुंदर. आणि हा कोण?"

 शेवटी जावईच म्हणाला, "आई, मीच. त्या दिवशी नीट आंघोळ केली होती." सगळे हसले, जरा जास्तच. विहीणबाईही हसल्या, पण त्या पोराच्या खऱ्या चेहऱ्याकडे बघत हसल्या. पिटू हसली नाही. तिने फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि बापाला आत बोलावलं. मी ताटं ठेवायला तेवढ्यात स्वयंपाकघरात आले होते, त्यामुळे मला चोरून ऐकायची गरज पडली नाही.

"बाबा, हे का केलंत?"

"काय केलं? सगळ्यांनाच करतो. तुलाही केलंय."

"तुम्हाला तो आवडतो म्हणत होतात."

"आवडतोच! म्हणून तर एवढा जीव ओतला."

"मग कुठला आवडतो? बाहेर बसलाय तो, का हा?"

भावोजींना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. जावयाला त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं जे होतं ते दिलं होतं. त्याला आपल्यासारखा केला होता. यात अपमान कुठे आला, हे त्यांना समजेना. पिटूने ते ओळखलं आणि त्यामुळे ती आणखी भडकली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, असल्या भोळ्या माणसाशी काय भांडणार?

"त्याचा चेहरा आहे तसा ज्या दिवशी तुमच्या हातून निघेल," ती म्हणाली, "त्या दिवशी बोलू."

आमची पिटू बोलल्याप्रमाणे वागते, हा तिच्या आईकडचा दोष. जावयाची दुसऱ्या गावी बदली झाली, दोघं गेली. मुलगी झाली, आमची छोटी. ताईला बोलावणं आलं, भावोजींना नाही. ताई जाऊन आली तेव्हा भावोजी तिची पिशवी घ्यायला पायरीपर्यंत आले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. पाणी प्यायलाही न देता विचारलं, "कुणावर गेलीय?" या प्रश्नात दुसरा एक प्रश्न असतो, तो ताईलाही माहीत होता.

"स्वतःवर गेलीय," ताई म्हणाली, आणि वर निघून गेली.

फोटो मात्र आला नाही. पिटूची ती सक्त ताकीद होती: बाबांच्या हाती माझ्या मुलीचा फोटो पडता कामा नये. जावई मधूनमधून फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचा. फोटोचा विषय निघाला की म्हणायचा, "बाबा, त्यात मला पाडू नका." म्हणजे बघा, शहरातल्या निम्म्या लेकरांचे पहिले फोटो ज्याने काढले, त्याच्याकडे स्वतःच्या नातीचा एक फोटो नव्हता. पाकिटात नाही, भिंतीवर नाही, फोनमध्ये नाही.

त्याचा परिणाम काउंटरवरून मला रोज दिसायचा. कोणी तान्हं मूल घेऊन आलं की भावोजी आधी त्याचं वय विचारायचे. मग मनात काहीतरी जुळवायचे. एकदा एक बाई आली, तिची मुलगी नेमकी आमच्या छोटीच्या वयाची. फोटो निघाला, बाई उठली, तरी भावोजी खुळखुळा वाजवतच राहिले. "किती दात आलेत? उभी राहते का? अनोळखी माणसाकडे जाते का?" बाईने मुलीला जरा जवळ ओढून घेतलं. मी पाकिटं लावत होते.  मला त्यांचा राग यायचा, पण इतका बारीक झालेला माणूस रागवायलाही पुरत नाही.

शेवटी त्यांनी लग्नाचा फोटो परत सरळ करायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटर उघडला आणि तोंडचं पाणी पळालं. मूळ फोटो नव्हताच. हात फिरवलेलाच फोटो त्यांनी मूळ फोटोच्या जागी सेव्ह करून टाकला होता. जन्मभराची सवय, होता तसा चेहरा कोणाला परत हवा असेल, असं कधी वाटलंच नव्हतं. मग त्यांनी आहे तोच गडद करून पाहिला. जावई काजळी फासल्यासारखा दिसायला लागला. दिवसभर खटपट करून ते म्हणाले, "अगं, मला तो आठवत नाहीये. रविवारच्या रविवारी समोर बसायचा आणि मला त्याचा रंग आठवत नाहीये."

"बघितलात कधी?" मी म्हटलं. हे मी जरा जोरात म्हटलं असावं, कारण वरून ताई डोकावली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकायला सुरुवात केली. शिकायला चेहरा हवा, आणि तसा चेहरा आमच्या दुकानात कोण आणणार? शेजारच्या गाळ्यात पुलापलीकडची एक इस्त्रीवाली बसते. भावोजी तिच्याकडे गेले, अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचा फोटो काढायचाय. फुकट."

"काढलाय की मागे तुम्ही," ती म्हणाली. "ओळखपत्र दाखवलं तर पोलीस विचारतो, ही तुमची आजारी बहीण का?"

तरी ती आली, बहुतेक मजा बघायला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन बसायची आणि भावोजींना झापायची. आधी फोटो यायचे तसेच आले, डोळे आणि दात. मग भावोजींनी पांढरा पडदा काढून तपकिरी लावला. दिवे समोरून काढून बाजूला नेले, एक भिंतीकडे वळवला. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला. चुकले, परत केलं, पुन्हा चुकले. आणि एका दुपारी कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि मला हाक मारली. आवाज असा की मला वाटलं चटका बसला.

"हे बघ," ते म्हणाले. "कपाळावर निळसर आहे. इथे गालावर तांबूस. मानेपाशी वेगळंच. हे सगळं होतं? आधीपासून?"

"आधीपासून," इस्त्रीवाली मागून म्हणाली. मग तिने फोटो पाहिला. जाताना फक्त म्हणाली, "माझी आई अशी दिसायची."

भावोजी सुधारले असं मात्र कृपा करून समजू नका. त्याच आनंदात ते तिला म्हणाले, "काळं असूनही किती छान आलंय!" त्यावर तिने त्यांची जी हजेरी घेतली ती अर्ध्या बाजाराने ऐकली. ते लालबुंद होऊन गुपचूप ऐकत उभे राहिले, हे त्यातल्या त्यात नवीन. तिचा फोटो त्यांनी दर्शनी काचेत लावला. त्यावरून आमच्या आळीतले काही जण म्हणाले, "काय हो, दुकान पुलापलीकडे हलवताय का?" दोन-चार घरांनी येणं सोडलं. पलीकडून मात्र माणसं यायला लागली, आधी इस्त्रीवालीच्या बहिणी, मग त्यांची मुलंबाळं. ताईने हे सगळं फोनवर पिटूला सांगितलं. पिटू म्हणाली, "हं."

त्या 'हं'वर भावोजी किती जगले म्हणून सांगू! "कसं म्हणाली? लांबवून म्हणाली का तोडून?" ताई रोज नव्याने म्हणून दाखवायची.

आणि एका सकाळी, मी काच पुसत असताना, तिघं दारात उभी. पिटू, जावई आणि त्याच्या खांद्यावर बसलेली कुरळ्या केसांची एक मुलगी. माझ्या हातातलं फडकं पडलं. भावोजी आतून आले आणि जागच्या जागी थांबले. त्यांना कोणाकडे आधी बघावं कळेना.

"पासपोर्टचे फोटो काढायचेत," पिटू म्हणाली. गिऱ्हाइकासारखीच म्हणाली. "तिघांचे. यांना बाहेरच्या देशात काम मिळालंय."

"तिकडे इमारती फार उंच आहेत, बाबा," जावई म्हणाला. "लिफ्टही तेवढ्याच रुसतात." त्याने हसायचा प्रयत्न केला.

"फोटोवर हात फिरवलेला चालत नाही," पिटू म्हणाली. "नियम आहे. म्हणून म्हटलं, बघावं इथे निघतोय का."

भावोजींनी मान हलवली. पासपोर्टला पांढराच पडदा लागतो, तो त्यांनी परत लावला. दिवे स्वतः हलवले, एक मला धरायला लावला. जावई बसला. भावोजी कॅमेऱ्यामागे गेलेच नाहीत, समोर उभे राहून त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी आयुष्यात कोणाकडे इतकं बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. जावई आधी कसनुसा झाला, मग त्यानेही डोळे खाली केले नाहीत. मग फोटो निघाला.

छापून आल्यावर पिटूने तो उचलला आणि नवऱ्याला दारात उजेडात नेलं. फोटो त्याच्या गालाशी धरला. एकदा फोटोकडे, एकदा त्याच्याकडे. भावोजी निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे पडद्याशी उभे होते.  पिटूने फोटो पर्समध्ये ठेवला, मुलीला खाली उतरवलं आणि म्हणाली, "जा, आजोबांसमोर बस."

छोटी स्टुलावर चढली. पाय हलवत, या नव्या म्हाताऱ्याकडे बघून ती तोंडभर हसली. आणि भावोजींच्या लक्षात आलं की पासपोर्टच्या फोटोत हसू चालत नाही. ओठ मिटलेले हवेत, नाहीतर परत पाठवतात. जन्मभर रांगून, भुंकून, टोप्या फिरवून त्यांनी लोकांची पोरं हसवली, आणि स्वतःच्या नातीशी पहिलंच वाक्य बोलायची वेळ आली ती ही.

"हसू नकोस, बाळा," ते म्हणाले. 

ती आणखीच हसली. पिटूने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते आणि ती हसत नव्हती. ताई जिन्यात बसून राहिली होती. बऱ्याच वेळाने छोटी कंटाळली, ओठ मिटले गेले, आणि तो फोटो निघाला.

पाकिटं मी बांधली. पिटूने पैसे काढले नाहीत, याचा मला किती आनंद झाला! दारात ती बापाच्या गळ्यात पडली, घाईघाईने, गाडी चुकेल म्हणून. "फोटो पाठवत जाईन," ती म्हणाली. जावई वाकला, तर भावोजींनी त्याला वाकू दिलं नाही. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग तिघंही गेली. जो फोटो चांगला निघावा म्हणून त्यांनी इतका जीव टाकला, त्याच फोटोवर ती जाणार होती.

भावोजी आत येऊन स्टुलावर बसले, छोटी बसली होती तिथेच. दिवे बंद करायचं त्यांना भान नव्हतं. मी ते बंद करायला गेले तेव्हा ते म्हणाले, "लहान मुलांचा पासपोर्ट थोड्याच वर्षांत संपतो. चेहरा बदलतो ना त्यांचा. नवा फोटो लागतोच."

तिकडे काय फोटोवाले नसतील? हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि मी जिभेवर आलेलं कधी परत पाठवलेलं नाही. त्या दिवशी पाठवलं.

"लागतोच," मी म्हटलं.